सरोवराकाठचा पंचनामा

दारूच्या घरात मुलगी द्यायची नाही, हे दिनकररावांनी ईप्सिताच्या जन्माच्याही आधी ठरवून टाकलं होतं. मुलगी होणार की मुलगा, याचा पत्ता नव्हता तेव्हापासून. पण तो निश्चय दारू पिणाऱ्या घराबद्दल होता. दारू करणारं घर असू शकतं आणि त्या घरी आपण सहकुटुंब, इस्त्रीचा शर्ट घालून, शनिवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे म्हणून जाऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मी बघायला येतोय," ते मागच्या सीटवरून म्हणाले. "हो म्हणायला नाही."

"गेनाऊ, अगदी तेच, पप्पा," ईप्सिता गाडी चालवत म्हणाली. "बघा फक्त."

"प्रणव का नाही आला?"

"वाल्डॉर्फला त्याचा सर्व्हर पडलाय."

"शनिवारी?"

"सर्व्हरला वार कळत नाही, अहो," लतिकाबाई म्हणाल्या. आपला मुलगा भांडणाच्या वासानेच लांब राहिला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नवऱ्याची बाजू त्या तोंडाने घेत आणि मुलांची मनाने, ही त्यांची तीस वर्षांची रीत होती.

पुढच्या सीटवर, पाय लांब करायला मिळतात म्हणून, गयाबाई बसल्या होत्या. दिनकररावांच्या या थोरल्या बहिणीला, अक्कांना, सगळं घर घाबरून होतं. बाप लहू दारूपायी गेला तेव्हा दिनकर सहा वर्षांचा होता आणि गया पंधरा. तिने भंडाऱ्यात विड्या वळून भावाला शिकवलं आणि तो शिकून लागला कुठे, तर दारूबंदी खात्यात. बत्तीस वर्षं वर्धा जिल्ह्यात त्यांनी दारू पकडली. ओठाला थेंब न लावता नुसत्या वासावरून ते भट्टी ओळखत. मोहाची कुठली, गुळाची कुठली, कुणाच्या मडक्यातली, सगळं नाक सांगे. साहेब म्हणत, दिनकरचं नाक कोर्टात उभं केलं तरी साक्ष देईल. निवृत्तीनंतर ते नागपुरात बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत. नाकाला काम उरलं नव्हतं.

"काऊन रे दिनू," अक्का मागे न बघता म्हणाल्या, "पोराचा बाप करतो तरी काय?"

"कारखान्यात रंगखात्यात होता. आता रिटायर. फावल्या वेळात..." त्यांना पुढचा शब्द उच्चारवेना.

"द्राक्षं लावतात, आत्याबाई," ईप्सिताने सांभाळून घेतलं.

"द्राक्षं चांगली," अक्का म्हणाल्या.

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावामागच्या टेकडीवर, वेलींच्या रांगा जिथे सुरू होतात तिथे, एक लाकडी खोपटं होतं. त्यावर इटलीचा झेंडा होता. जुलैमध्ये, वाटेत जर्मनीला हरवून, फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यावर लावलेला तो झेंडा शेजारचे जर्मन दर रविवारी दुखऱ्या नजरेने बघत, म्हणून तर तो उतरवलेला नव्हता. खोपटासमोर सिल्व्हानो आणि त्याचा मुलगा दारियो उभे होते. दारियो उंच, शांत, मोटार कारखान्यात ईप्सिताच्याच खात्यातला इंजिनियर. बाप बुटका, टोपीवाला, छाती पुढे काढून उभा. पाहुणे उतरले तसा तो सरळ अक्कांसमोर गेला, टोपी काढली, हात छातीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम!"

अक्का क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनीही "जय भीम" म्हटलं आणि भावाकडे वळून हळूच म्हणाल्या, "माणूस वाईट नाही दिसून राहिला."

"पढवलेलं आहे," दिनकरराव म्हणाले.

"तुले तरी जन्मतः येत होतं का?"

आपल्या बाजूचा एक पंच फुटला, असं दिनकररावांना वाटलं.

आता सरोवर बघायचं होतं. सिल्व्हानो अडतीस वर्षांपूर्वी इटलीतल्या गार्डा सरोवराच्या काठावरून इथे कामाला आला. तिथे त्याच्या वडिलांचा द्राक्षमळा होता आणि आता तो थोरला भाऊ बघतो, असं तो सांगे. प्रत्येक पाहुण्याला गार्डाला नेणं जमत नाही, म्हणून त्याने या भाड्याच्या टेकडीवरच गार्डा मांडलं होतं. वेलींच्या प्रत्येक ओळीला काठावरच्या एका गावाचं नाव, रंगवलेली पाटी, आणि गावं त्याच क्रमाने. फिरायचंही त्याच क्रमाने. मधल्या वाटेने जायचं नाही, कारण तिथे पाणी आहे.

"पाणी कुठे आहे?" दिनकररावांनी विचारलं.

सिल्व्हानोने खाली बोट दाखवलं. खाली मोटार कारखान्याचं आवार होतं आणि त्यात हजारभर नव्या कोऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. उन्हात त्यांची टपं चकाकत होती.

"ते सरोवर," ईप्सिता म्हणाली.

"त्या गाड्या आहेत."

"पप्पा, समजून घ्यायचं."

"समजून घेतलेलं पंचनाम्यात लिहिता येत नाही."

सिल्व्हानो उत्साहाने सांगतच होता आणि ईप्सिता भाषांतर करत होती. सोमवार ते शुक्रवार गाड्या तयार होतात तेव्हा पाणी चढतं. मालगाडी येऊन घेऊन गेली की उतरतं. ऑगस्टमध्ये कारखान्याला सुट्टी असते तेव्हा तळ दिसतो. चंदेरी रंगाला मागणी असली की पाणी फार सुंदर दिसतं. गेल्या वर्षी लोकांनी काळ्या गाड्या घेतल्या आणि सगळा हंगाम वादळासारखा गेला.

पाचव्या गावापाशी अक्का थांबल्या. गुडघे संपले होते. सिल्व्हानोने लगेच शीळ घातली आणि दारियो एक चाकाची हातगाडी घेऊन आला. तिच्या कडेला निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं.

"ही फेरीबोट," ईप्सिता म्हणाली. "इथून पुढे समोरच्या काठाला पाण्यातूनच जातात."

"अक्का, तू त्यात बसणार नाहीस," दिनकरराव म्हणाले.

अक्का बसल्या होत्या. नऊवारीचा काष्टा सावरून, हातगाडीच्या दोन्ही कडा धरून, त्यांनी होणाऱ्या जावयाला हुकूम सोडला, "चाल रे." दारियोने त्यांना वेलींमधून अलगद पलीकडे नेलं आणि प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून "बसा, बसा" म्हटलं. त्याला येणाऱ्या तीन मराठी शब्दांपैकी तो एक होता. लतिकाबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. पलीकडे उतरल्यावर अक्का म्हणाल्या, "पोरगं गाडी सांभाळून हाकते. दचका नाही बसला." आणि दिनकररावांनी मनातल्या मनात दुसऱ्या पंचाचंही नाव खोडलं, कारण लतिका हसली म्हणजे गेली.

खोपटात फळ्यांचं लांब टेबल मांडलं होतं. प्रत्येकासमोर सात पेले. मधोमध एक पत्र्याची बादली.

"हे कशाला?" अक्कांनी बादलीकडे बोट दाखवलं.

"थुंकायला, आत्याबाई. चव घ्यायची आणि थुंकायचं, अशी पद्धत आहे."

अक्कांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते या देशात आल्यापासून कुणी पाहिलं नव्हतं. तीन आठवडे त्या जर्मनीत पुडी लपवून तंबाखूचा खर्रा खात होत्या. रस्ते स्वच्छ, स्टेशनं स्वच्छ, थुंकायला वीतभर जागा नाही. कधी बेसिन, कधी रुमाल. आज पहिल्यांदा एका घरात पाहुण्यांसाठी मानाने, टेबलाच्या मधोमध, पिकदाणी ठेवलेली होती. त्यांनी कनवटीची पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि यथावकाश, दोन हातांवरून, एक थेंब इकडेतिकडे न होता, बादलीत पिंक टाकली.

सिल्व्हानोने टाळ्या वाजवल्या. इतक्या लांबून इतकं नेमकं थुंकणारं माणूस त्याने अख्ख्या सरोवराकाठी पाहिलं नव्हतं.

"घर सभ्य आहे, दिनू," अक्का म्हणाल्या. "माणसाची सोय बघतेत."

आता दिनकरराव एकटे पडले. त्यांनी घसा साफ केला. "ईप्सिता, यांना सांग, मी पंचशील घेतलेला माणूस आहे. ओठ लावणार नाही. आणि हेही सांग की मला यातलं कळत नाही असं समजू नका. बत्तीस वर्षं सरकारने मला हेच काम दिलं होतं."

ईप्सिताने सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, पण सिल्व्हानोची खुर्ची सरकली आणि तो उभाच राहिला. सरकारी परीक्षक! पीत नाहीत, नुसता वास घेतात! त्याने असे लोक ऐकले होते, पाहिले नव्हते. त्याने टेबलावरच्या दोन बाटल्या घाईने उचलून खाली ठेवल्या, तळघरातून दुसऱ्या आणल्या, कपड्याने पुसल्या आणि पहिला पेला भरला.

दिनकररावांनी खिशातून वही काढली. नाही म्हटलं तरी हात सुरसुरत होते.

"पंच क्रमांक एक, लतिका. पंच क्रमांक दोन, अक्का. पेला नंबर एक. रंग फिकट पिवळा. वास..." त्यांनी डोळे मिटले. "आंबूस, उग्र नाही. हिरव्या सफरचंदाची साल. भांडं धातूचं. स्वच्छ."

ईप्सिताने भाषांतर केलं आणि सिल्व्हानो दारियोचा दंड दाबून म्हणाला, "ऐकलंस? भांडंसुद्धा ओळखलं!"

दुसरा पेला याच टेकडीवरच्या द्राक्षांचा, नेकारच्या काठचा. "फिकट तांबडा. कच्ची चेरी. कडू बदाम, अगदी शेवटी. पावसाळ्यानंतर उघडलेल्या लाकडी पेटीचा वास, म्हणजे पिंप जुनं आहे, उजव्या अंगाला फळी बदललेली असावी." फळी डाव्या अंगाची होती, पण बदललेली होती. तिसरा, चौथा. दिनकरराव रंगात आले. त्यांचं नाक सहा वर्षांनी कामावर रुजू झालं होतं. त्यांना मजा येत होती आणि मजा येते आहे याचा रागही येत होता. लतिकाबाई त्यांच्याकडे बघत होत्या; या माणसाशी आपलं लग्न झालं तेव्हा तो असा दिसायचा, हे त्यांना बऱ्याच दिवसांनी आठवलं असावं.

पाचवी बाटली दारियोने स्वतः आणली. तिच्यावरच्या तपकिरी कागदावर सरोवराचं हाताने काढलेलं चित्र होतं.

"ही खऱ्या गार्डाची," तो ईप्सितामार्फत म्हणाला. "आजोबांच्या मळ्यातली. काका दरवर्षी ट्रकने पाठवतो. माझ्या आईचं गावही तेच. ती गेल्यापासून मी तिकडे गेलेलो नाही. मला आणि ईप्सिताला लग्न तिथेच करायचंय, पुढच्या जूनमध्ये, त्याच वेलींखाली. तुम्ही हो म्हणालात तर."

सिल्व्हानोने मान खाली घालून पेले भरले. तो बादलीकडे बघत होता.

दिनकररावांनी पेला उचलला. वास घेतला. कपाळाला आठी पडली. दुसरा पेला उचलला, वास घेतला. पुन्हा पाचवा. आणि बत्तीस वर्षांची सवय, जिभेवर ताबा यायच्या आधीच बोलून गेली.

"दोन नंबर आणि पाच नंबर एकाच भट्टीचा माल आहे."

"दिनू, तोंड आवर," अक्का म्हणाल्या.

"तेच पिंप, अक्का! तीच बदललेली फळी! चिठ्ठी खोटी लावलेली आहे. हा माल गार्डाचा नाही, इथलाच."

ईप्सिताने भाषांतर थांबवलं. दारियोने विचारलं, "काय म्हणाले?"

"आल्झो... म्हणजे... म्हणाले, छान आहे."

पण दिनकररावांनी तोवर दोन्ही पेले एकमेकांना चिकटवून ठेवले होते आणि वर एक बोट दाखवलं होतं. त्याला भाषांतर लागत नव्हतं. दारियोने बापाकडे पाहिलं. सिल्व्हानो पांढरा पडला, मग तांबडा झाला, मग त्याने एकाएकी दिनकररावांचा दंड धरला, "मशीन, मशीन" असं काहीतरी म्हणत त्यांना मागच्या कोठीत नेलं आणि दार लावून घेतलं.

कोठीत कुदळी होत्या, पिंप होतं, भिंतीवर एका बाईचा फोटो होता. त्याला काळी फीत लावलेली होती आणि खाली साल लिहिलेलं होतं, २०००. सिल्व्हानोने एका डब्यातून दुसरा फोटो काढला. सरोवराचा काठ, खरं निळं पाणी. काठावर वेल नव्हते. तंबू होते आणि चाकांवरची पांढरी घरं, त्यांच्यापुढे चड्डीतले जर्मन लोक खुर्च्या टाकून बसलेले. सिल्व्हानोने एका तंबूवर बोट ठेवलं, मग हवेत वेलाची आकृती काढली. मग हात खाली घेऊन, माझं पोरगं अशा अर्थाने, लहान मुलाची उंची दाखवली, आणि दाराकडे, दारियोच्या दिशेने मान केली. फोटो उलटा केला. मागे साल होतं. २०००.

दिनकररावांनी आयुष्यभर कागद वाचले होते. दोन तारखा शेजारी आल्या की गुन्हा कसा घडला हे त्यांना कळे. ज्या वर्षी बाई गेली, त्याच वर्षी भावाने मळा विकला. एका वर्षात पोराला दोन गोष्टी सांगायचं या माणसाला जमलं नाही. मग पुढच्या वर्षी जमलं नाही. सहा वर्षं तो रात्री या पिंपातून बाटल्या भरत होता, सरोवराचं चित्र काढत होता आणि कागद चिकटवत होता. सिल्व्हानोने बोट ओठांवर ठेवलं. हात जोडले. रडायला लागला.

दिनकररावांना आरोपी रडताना बघायची सवय होती. अशा वेळी ते वहीत बघत. आज त्यांनी वहीत बघितलं तर अक्षरं दिसेनात. त्यांना या बुटक्या माणसाचा भयंकर राग आला, आणि इतकी कणवही आली की त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला. "नाक पुसा," ते मराठीत म्हणाले. सिल्व्हानोने पुसलं.

दोघे बाहेर आले. दारियो उभा होता. त्याने विचारलं आणि ईप्सिताने सांगितलं, अगदी बारीक आवाजात, "पप्पा, तो विचारतोय, खरंच एकच आहे का? तो म्हणतो, तुम्ही सांगाल ते तो मानेल."

दिनकररावांनी पाचवा पेला उचलला. बराच वेळ धरला. कडू बदाम, ओली पेटी, ती फळी. स्वच्छ कळत होतं. इतकं स्वच्छ त्यांना आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

"वेगळी आहे," ते म्हणाले. "माझं नाक चुकलं."

लतिकाबाईंनी झटकन वर पाहिलं. ईप्सिताचं तोंड उघडंच राहिलं. कोर्टात, घरात, भाजीबाजारात, या माणसाने "माझं चुकलं" असं कधी म्हटल्याची नोंद नव्हती.

"भाषांतर कर," दिनकरराव म्हणाले. "सांग, वय झालं. सांग की पाच नंबरला सरोवराच्या वाऱ्याचा वास आहे, तो मला आधी कळला नाही."

ईप्सिताने सांगितलं. दारियोचे खांदे खाली आले. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि आणखी एक," दिनकरराव घाईने म्हणाले, कारण जून त्यांना समोर दिसत होता, आणि तंबू, आणि चड्डीतले जर्मन. "लग्न नागपुरात होईल. गार्डाला नाही. आमच्यात मुलीचं लग्न परक्या मुलखात करत नाहीत. पहिल्यापासून पद्धत आहे."

"कुठली पद्धत, अहो?" लतिकाबाई म्हणाल्या. "तुमच्या चुलतभावाच्या मुलीचं तर—"

"आहे पद्धत!"

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ईप्सिताच्याही आलं. ती भाषांतर न करता रडायलाच लागली आणि दारियो गोंधळून "बसा, बसा" म्हणू लागला. सिल्व्हानोने दिनकररावांना मिठी मारली, दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि कानाशी काहीतरी म्हटलं. ते इटालियनमध्ये होतं, पण कळलं.

"तर मग साक्षगंध झालं म्हणायचं," अक्कांनी बादलीत शेवटची पिंक टाकून तोंड पुसलं. "मग पंचशील घेतल्याबिगर कसं? उभे राहा सारे. दिनू, तू म्हण, आम्ही मागून म्हणतो."

फळ्यांच्या टेबलाभोवती, बेचाळीस पेल्यांसमोर, सगळे हात जोडून उभे राहिले. सिल्व्हानोने टोपी काढली. दिनकररावांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज विहारातल्यासारखा भरदार लागला. त्रिसरण झालं. पहिलं शील, जीवहिंसा न करण्याचं. दुसरं, चोरी न करण्याचं. तिसरं. प्रत्येक ओळ दोन्ही इटालियन माणसं मन लावून, काय म्हणतोय ते न कळता, मागून म्हणत होती.

चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, दिनकररावांचा आवाज थांबला. शेकडो लग्नांत म्हटलेलं. ओठ हलले, शब्द येईना. समोर दारियो पुढच्या ओळीची वाट बघत होता, शाळेतल्या मुलासारखा.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," अक्का मोठ्याने म्हणाल्या. सगळ्यांनी मागून म्हटलं. दिनकररावांनी म्हटलं नाही.

पाचवं, कसलीही मादक गोष्ट न सेवण्याचं, ते मात्र त्यांनी पुन्हा पूर्ण आवाजात सांगितलं. सगळ्यात स्पष्ट उच्चारात, छातीवर हात ठेवून, ते सिल्व्हानोने घेतलं.

मग साधू, साधू झालं. तरुण माणसं बाहेर गेली. लतिकाबाई कोठीच्या दारातून दिसलेल्या विहीणबाईंच्या फोटोला हार कुठे मिळेल ते विचारायला उठल्या. अक्का भावाशेजारी बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "चौथं तू नाही म्हटलं, दिनू. मी पायलं."

दिनकररावांनी वही मिटून खिशात ठेवली.

"एका दिवसात किती खोटं बोलू, अक्का?"